रात्री न जेवणारा वाघ

वाघानं बकरी खाल्ली आणि मगदूम अण्णा खुर्चीतनं ताडकन उठून उभे राहिले.

"खाल्ली?"

"खाल्ली की," मी म्हटलं. "वाघ आहे तो, अण्णा. बकरी नाही खाणार तर काय वरणभात मागेल?"

मला वाटलं, हसतील. माणूस तसा हसरा होता. पण ते टीव्हीकडे बघत राहिले. पडद्यावर रेघांचा पट होता. त्यावर पांढरे ठिपके म्हणजे बकऱ्या आणि पिवळा चौकोन म्हणजे वाघ. त्यातला एक पांढरा ठिपका आत्ताच विझला होता. मग अण्णांनी खिडकीकडं पाहिलं. समोरच्या गच्चीवरचं ऊन कधीच उतरलं होतं आणि गल्लीतले दिवे लागत होते.

"दिवस मावळलाय," ते म्हणाले.

"मावळलाय. मग?"

"मग खाल्ली कशी त्यानं?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसले. दुरुस्तीच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या नाना तक्रारी ऐकल्यात मी. टीव्हीत मुंग्या दिसतात, रेडिओ शेजारच्या घरातलं बोलणं ऐकवतो, सगळं. पण दिवस मावळल्यावर वाघ जेवला, ही तक्रार त्याआधी ऐकली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

"कालिंदीताई," अण्णा हळूच म्हणाले, "तुम्ही आत काय केलंत हो?"

मी काय केलं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मी मूळची इचलकरंजीची, कोष्ट्याची पोर. घरात सगळे मागावर, मी एकटीच पुण्याला कारखान्यात लागले. लांबलचक टेबलाशी बसून बोर्डावर चिपा जोडायच्या, कथलाचा थेंब नेमका चिपेच्या तारेच्या पायावर पाडायचा, की झाला दिवस. कारखाना बंद पडला तेव्हा भावाकडं परत आले. तिथं भावजयीचं आणि माझं जमलं नाही. तिचीही चूक नव्हती म्हणा, एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार! मग जयसिंगपूरला एक गाळा घेतला, वर राहायला खोली, खाली दुकान. लग्न झालं नाही. का झालं नाही, हे गावानं पुष्कळ दिवस विचारलं. मग गावालाही कंटाळा आला.

अण्णा, म्हणजे भूपाल मगदूम, अकराव्या गल्लीत राहायचे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. बायको वारलेली, मूलबाळ नाही. एके दिवशी दुपारी ते दुकानात आले ते पोटाशी एक गाठोडं धरून. जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेलं. सोडलं तर आत जुना घरगुती कॉम्प्युटर! आताच्या पोरांनी बघितलासुद्धा नसेल. नुसता एक जाडसा कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची, की किर्र ओरडत ओरडत कॅसेटमधला प्रोग्रॅम आत चढतो.

"लावला की पडद्यावर नुसत्या उभ्या पट्ट्या येतात," अण्णा म्हणाले. "दुसरं काहीच नाही."

मी उघडला, चालू केला, चिपांवरनं बोट फिरवलं. स्मरणाच्या आठ चिपा ओळीनं बसलेल्या, त्यातली एक तव्यासारखी तापलेली. आजार सापडला.

"मेमरीची चिप मेलीय. बदलते."

"आतलं काही जाणार नाही ना? माझ्या बायकोनं लिहिलेला खेळ आहे."

"खेळ कॅसेटवर आहे ना? मग कॅसेट जपा. चिपांत काही राहत नाही अण्णा. बंद केलं की पाटी कोरी."

हे मी अगदी खरं सांगितलं होतं. पुढं जे झालं ते या खऱ्यानंच झालं.

आमच्या कारखान्याची एक रीत होती. आठातली एक गेली की आठी बदलायच्या. एका वयाच्या, एका घाण्यातल्या. एक गेली म्हणजे बाकीच्यांचीही वेळ आलीच. ती रीत माझ्या हाडात मुरलेली. माझ्याकडं त्या जातीच्या न वापरलेल्या चिपा पुण्याहून आणलेल्या होत्या. मी आठीच्या आठी जुन्या चिपा काढल्या, पुन्हा कधी बदलायला सोपं जावं म्हणून खाली सॉकेटं बसवली आणि त्यांत नव्या चिपा दाबल्या. जुन्या गेल्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत. मेलेल्या चिपेवर तेवढी शाईनं फुली मारली. एवढं करून मशीन घेऊन मी स्वतः अण्णांच्या घरी गेले, त्यांच्या टीव्हीला जोडून दिलं, कॅसेट चढवली आणि म्हटलं, खेळा. चांगलं काम झालं होतं. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते, खोटं कशाला बोलू.

आणि वाघानं बकरी खाल्ली.

"अण्णा, बसा तुम्ही," मी म्हटलं. "पाणी देऊ?"

"नको. आता पाणी घेत नाही मी. दिवस मावळल्यावर नियम आहे आमचा." ते बसले. मग बोलायला लागले.

"आम्ही जैन. रात्रीचं जेवण नाही, तुम्हाला माहीत असेल. पद्मजाही पाळायची, माझ्यापेक्षा काटेकोर. ती शाळेत गणित शिकवायची. सुट्टीत कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन आली आणि हे मशीन घेतलं. नाद लागला तिला. लहानपणी देवळाच्या पायरीवर वाघ-बकरी खेळायची, तोच खेळ तिनं यात घातला. बकऱ्या आपल्या, वाघ मशीनचा. आपण वाघाला चारी बाजूंनी कोंडायचं, आणि पलीकडं घर रिकामं ठेवलं तर तो उडी मारून बकरी खाणार."

"माहीत आहे की. आम्ही खडूनं काढून खेळायचो."

"तर मी तिची चेष्टा केली. म्हटलं, अगं, जैनाच्या घरात वाघ पाळलास, आणि तोही दिवेलागणीला बकऱ्या खातो? निदान दिवस मावळल्यावर तरी उपाशी ठेव त्याला. ती म्हणाली, बघू. त्याच महिन्यात आजारी पडली. मिरजेला नेली. परत नाही आली."

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"पुष्कळ दिवस मी मशीनला हात लावला नाही. मग एकदा दुपारचा चहा झाल्यावर लावलं. खेळत बसलो. संध्याकाळ झाली. माझ्याकडनं चूक झाली, बकरी अगदी वाघाच्या तोंडाशी, पलीकडचं घर रिकामं. आणि वाघ बाजूनं निघून गेला! पुन्हा दिली. पुन्हा खाईना. मुद्दाम दिली, तरी खाईना. मी बाहेर बघितलं, तर दिवस मावळलेला. ताई, तिनं ऐकलं होतं माझं. जाता जाता मला न सांगता लिहून ठेवलं होतं. बारा-तेरा वर्षं झाली. रोज चहा झाला की मी मशीन लावतो, दिवसाउजेडी जेवतो आणि मावळतीला त्याच्यापुढं बकरी ठेवतो. तो खात नाही. मग मी म्हणतो, बरं गं. आणि बंद करतो."

त्यांचं बोलणं संपायच्या आत मला सगळं कळलं होतं. त्या मशीनला घड्याळ नसतं. दिवस कधी मावळतो हे त्याला ठाऊक असायचं काही कारणच नाही. चहाला चालू केलेलं मशीन मावळतीपर्यंत तापतं. जुन्या चिपांत एखादी अशी असते, की गार असताना शहाणी आणि तापली की काहीतरी विसरते. वाघानं बकरी खाणं चांगलं, हे जिथं लिहिलेलं होतं, नेमकं तेवढंच ती विसरत असणार. रोज. त्याच वेळेला.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. कपाळ माझं!

"जुन्या चिपा आहेत का?" अण्णांनी विचारलं.

"आहेत. डबीत."

"उद्या परत बसवा. मेलेली सोडून."

घरी जाताना वाटेत माझ्या लक्षात आलं, की जुन्या चिपा बसवणं काही साधं काम नाही. कॅसेट तीच, खेळ तोच. नव्या चिपांवर वाघ खातो. उद्या जुन्यांवर तो खायचा थांबला, तर त्याचा अर्थ एकच. मग ते पद्मजाबाईंनी लिहिलेलं नव्हतं. ज्या माणसानं सगळा जन्म रसाचे नमुने तपासले, त्याला हा अर्थ मी सांगायची गरज नव्हती. रात्रभर मला झोप आली नाही. माझं काय जात होतं? दुरुस्ती झाली, विषय संपला. पण मला राहून राहून ते 'बरं गं' आठवत होतं. माझ्या उभ्या जन्मात मला कुणी तसं 'बरं गं' म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला गेले. दारातच म्हटलं, "अण्णा, राहू द्या ना. जुन्या चिपा कधीही दगा देतील. नव्या वाघाची सवय होईल."

अण्णांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "तुम्हाला कळलंय," ते म्हणाले.

"काय?"

"चोराच्या मनात चांदणं तसं झालंय तुमचं. ताई, मीही रात्रभर विचार केला. बसवा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? समोरासमोर बघू."

मी मशीन उघडलं. आठ नव्या चिपा काढल्या. सात जुन्या लावल्या, मेलेलीच्या जागी एक नवी. त्या दिवशी एका चिपेचा पाय वाकला, तो चिमट्यानं सरळ करावा लागला. कॅसेट चढवली. खेळ लागला. अण्णांनी पहिलीच बकरी तोंडाशी दिली. वाघानं उडी मारून खाल्ली.

"आता तापू दे त्याला," अण्णा म्हणाले. 'तापू दे' म्हणाले. म्हणजे त्यांना खरंच कळलं होतं.

मशीन चालू ठेवून आम्ही जेवायला बसलो. भाकरी त्यांनीच थापली होती. आकाराचं विचारू नका, पण चव होती. मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही. दोघं जमिनीवर पाट घेऊन बसलो. मला आठवेना, की समोर माणूस बसलेलं असताना मी यापूर्वी कधी जेवले होते.

"एक सांगू का?" अण्णा भाकरी मोडत म्हणाले. "उन्हाळ्यात दिवस मोठा. वाघानं उशिरा थांबायला हवं. पण तो उन्हाळ्यात लवकर थांबायचा. उजेड असतानाच. आणि थंडीत अंधार पडला तरी खात राहायचा. उलटं होतं सगळं. मी हे बघत होतो, दरवर्षी. कारखान्यात असा आकडा आला असता तर मी कुणाला सोडलं नसतं. घरात मात्र म्हणायचो, पद्माच ती, तिचा हिशेब वेगळा असेल."

"अण्णा, नका बघू मग. आत्ता बंद करते."

"जेवा. दिवस जाईल."

हात धुऊन आम्ही टीव्हीपुढं बसलो. गच्चीवरचं ऊन कठड्यापर्यंत आलं, कठड्यावरनं खाली गेलं. मी नास्तिक नाही, पण देवाला फार कामंही सांगत नाही. त्या दिवशी सांगितलं. म्हटलं, देवा, वाघाला खाऊ दे. त्यानं खाल्लं, तर दोष चिपांचा नाही असं तरी म्हणता येईल. काहीतरी धूसर राहील. खा रे बाबा, खा.

अण्णांनी बकरी सरकवली. अगदी तोंडाशी. पलीकडचं घर रिकामं.

वाघ थोडा वेळ जागेवर राहिला. मग बाजूनं निघून गेला.

अण्णांनी दुसरी दिली. तीही त्यानं सोडली. तिसरी देताना त्यांचं बोट बटणावरच राहिलं.

"म्हणजे चिपच होती," ते म्हणाले.

मला ते बघवेना.

"अण्णा, मी शिकून घेते. तिच्या खेळात मी ती ओळ घालते. इतका वेळ झाला की वाघ खाणार नाही, अशी. चिपा कुठल्याही असू देत, कायम राहील."

"तुम्ही लिहिली तर ती तुमची ओळ होईल ताई. तिची कशी होईल?"

ते डोळ्यांना पंचा लावून बसले. मीही पदराच्या टोकाशी चाळा करत बसले. अंधार वाढत गेला, दिवा लावायचं दोघांनाही सुचलं नाही.

आणि मग अण्णा हसले. आधी मला वाटलं, रडताहेत. पण नाही, हसत होते.

"ऐकलं होतं म्हणे माझं!" ते म्हणाले. "अहो, तिनं माझं कधी ऐकलं होतं? लग्न झाल्यावर म्हटलं, नोकरी सोड. बघू म्हणाली आणि हेडबाई झाली. म्हटलं, दारात भाजीबिजी लावू नको, तर घरावर वेल चढवला दोडक्याचा. तिचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला तिच्या हयातीत पक्कं ठाऊक होतं. ती गेली आणि मी विसरलो! बारा वर्षं एका ऐकणाऱ्या बाईबरोबर राहिलो मी. कोण होती ती? आमच्या घरात असली बाई कधी आलीच नव्हती."

"अण्णा..."

"नव्या चिपा आणल्यात ना?"

"पिशवीत आहेत."

"बसवा. तिनं लिहिलेला वाघ मला द्या."

मी दिवा लावला. जुन्या काढल्या, नव्या दाबल्या. अण्णांनी स्वतः कॅसेट मागं गुंडाळून लावली. किर्र आवाज सुरू झाला आणि ते तो आवाज मान हलवत ऐकत राहिले, जणू बायको स्वयंपाकघरातनं काही बोलतेय. खेळ लागला. बाहेर पूर्ण रात्र झाली होती. अण्णांनी बकरी पुढं केली.

वाघानं झडप घालून खाल्ली.

"अगं!" अण्णा ओरडले. "दिवस मावळला की!"

त्यांनी दुसरी लपवली, तिसरी पुढं आणली, वाघानं उडी मारून तीही उचलली. "लाज नाही वाटत? नियम आहे ना घरात? कुणाचं म्हणून ऐकायचं नाही! थांब, कोंडतो तुला, थांब!" डोळ्यांतनं पाणी चाललं होतं आणि बोटं बटणांवर चालली होती. तोंडानं तर खंड नव्हता. बारा वर्षांचं भांडण साचलेलं, ते एकदम बाहेर पडत होतं. मी मशीनच्या झाकणाचे स्क्रू आवळायचे राहिलेत असं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. तिथं आता दोघंच होते.

मी डबी पिशवीत टाकली, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.

गल्लीत आले तरी त्यांचा आवाज येत होता. "खा, खा! सगळ्याच खा! उद्या बघतो तुला!" समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. "अण्णांकडं कोण पाहुणे आलेत हो?" तिनं विचारलं.

"घरचंच माणूस आहे," मी म्हटलं.

अण्णा पुढं सात वर्षं जगले. बहुतेक दिवस हरायचे आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन मला तक्रार सांगायचे, बायकोची सांगावी तशी. ती डबी माझ्याकडं अजून आहे. सातांतली विसरणारी चिप कोणती, ते मी कधी शोधलं नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलंच. अकराव्या गल्लीतनं मी चालत निघाले आणि मला हेवा वाटला. लपवून काय करू? त्या मेलेल्या बाईचा हेवा वाटला मला. दुकानापाशी आले, जिना चढले, किल्लीनं कुलूप काढलं. भूक नव्हती, जेवण दिवसाउजेडी झालं होतं. आत अंधार होता, कुणी नव्हतं, ते काय मला माहीत नव्हतं? तरी दारात उभी राहून मी त्या रिकाम्या खोलीला मोठ्यानं म्हटलं, "आले गं मी."

मग थोडा वेळ तिथंच थांबले आणि दिवा लावला.